घाटाआधीचा गिअर

आमच्या सोळा-तेरा ट्रकचा तिसरा गिअर उतारावर उडायचा. गाडी चढाला असली, इंजिन ओढत असलं की तो घट्ट बसलेला असायचा. पण उतार लागला आणि चाकंच इंजिनाला ढकलायला लागली की झिजलेली स्लीव्ह हळूहळू मागे सरकायची आणि दांडा आपोआप न्यूट्रलला येऊन पडायचा. भरल्या गाडीला घाटात हे परवडणारं नव्हतं. मालक म्हणायचा, सीझन संपू दे, गिअरबॉक्स उतरवून घेऊ. तोवर त्यावर उपाय एकच होता, तो म्हणजे मी. घाट आला की नाना, आमचे उस्ताद, मला इंजिनाच्या झाकणावर बसवायचे. या ट्रकच्या केबिनमध्ये इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध असतं. झाकणावर गोणपाटाची दुहेरी घडी टाकली तरी खालून भाजायचं. तिथे बसून दोन्ही हातांनी दांडा तिसऱ्यात दाबून धरायचा आणि घाट संपेपर्यंत सोडायचा नाही.

दांडा धरला की गाडीत काय चाललंय ते सगळं हातात यायचं. नानांनी ब्रेक दाबला की थरथर बारीक व्हायची, सोडला की जाड. फेऱ्या वाढल्या की तळहाताला मुंग्या यायच्या. गिअर सुटायच्या जरा आधी दांडा एकदम हलका लागायचा. त्याच क्षणी जोर लावला तर तो राहायचा, नाहीतर गेला. गिअर टाकायला मी फार पुढे शिकलो, पण गिअर म्हणजे भरल्या गाडीला धरून ठेवणारी वस्तू आहे हे मला त्याआधीच कळलं होतं. बहुतेकांचं उलटं होतं. गिअर वेग वाढवायला असतो असं शिकून ते येतात आणि तो गाडी रोखायलाही असतो हे त्यांना एखाद्या उतारावर कळतं. काहींना ते वेळेत कळत नाही.

सोळा-तेरा म्हणजे टाटाचा एलपीटी १६१३. पहिले दोन आकडे एकूण वजनाचे, टनांत. पुढचे दोन अश्वशक्तीचे, त्यांवर एक शून्य लावून वाचायचे. १६ टन आणि १३० अश्वशक्ती. रस्त्यावर हे नुसतं गाडीचं नाव म्हणून घेतलं जातं, पण गिअरचा सगळा हिशेब या आकड्यांत आहे. घरच्या लहान मोटारीलासुद्धा आता ८०-९० अश्वशक्ती असते आणि वजन टनाच्या आसपास. म्हणजे तिच्या एका टनाला ८०-९० घोडे आणि आमच्या एका टनाला आठ. मोटारवाल्याने चुकीचा गिअर टाकला तर गाडी जरा कुरकुरते आणि पुढे जाते, कारण ताकद शिलकीत असते. आमच्याकडे शिल्लक काहीच नसायची. इंजिन जिथे सगळ्यांत जास्त ओढतं त्या थोड्याशा फेऱ्यांच्या पट्ट्यात त्याला ठेवलं तर गाडी घाट चढणार, त्या पट्ट्यातून खाली घसरलं तर चढणार नाही.

माल बहुतेक साखरेचा. सातारा-कोल्हापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमधून ५० किलोची २०० पोती, म्हणजे १० टन, न्हावा शेवा बंदरात टाकायची आणि येताना खत किंवा सिमेंट भरून कऱ्हाड-कोल्हापूरकडे आणायचं. त्यामुळे गाडी दोन्ही बाजूंनी भरलेली. या वाटेवर खंडाळे दोन आहेत. एक खंबाटकीच्या पायथ्याला, दुसरा बोरघाटाच्या माथ्याला. पहिल्या खंडाळ्याला चढायचा गिअर ठरवायचा, दुसऱ्या खंडाळ्याला उतरायचा. माझं शिक्षण या दोन खंडाळ्यांच्या मध्ये झालं.

जड वाहनाचं लायसन काढायला वयाची २० वर्षं पुरी लागतात, आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. मी त्या वयाचा नव्हतो तोवर नानांनी मला रस्त्यावर स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. ते माझे दूरचे मामा लागत, पण गाडीत नातं चालायचं नाही. त्या काळात त्यांनी माझा कान तयार केला. फेऱ्यांचा काटा त्या गाडीत बंदच होता. मला डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, "सांग, कितव्यात हाय?" मी चौथ्यात म्हणालो की लगेच पुढचा प्रश्न, "आन् कवा बदलायचा?" आवाज भरदार आणि मोकळा असला की ठीक. तो जड, घोगरा व्हायला लागला, सायलेन्सरमधून धूर काळा यायला लागला, की वेळ होऊन गेलेली असते. वेळ त्याच्या थोडी आधी असते. ती आधीची जागा आवाजात ओळखणं म्हणजे अर्धं काम. नाना म्हणायचे, "हाताला काय कळतंय? कान दे. कानानं सांगितलं तर हात जातोय आपसूक."

प्रत्यक्ष गिअर टाकायला शिकलो ते कारखान्याच्या आवारात, गळीत संपल्यावर. उसाच्या गाड्यांची रांग लागायची ते मैदान ओस पडलेलं होतं. रिकामी गाडी दुसऱ्यात उचलायची, भरलेली पहिल्यात, हा पहिला नियम. रिकाम्या गाडीला पहिला टाकला तर ती धक्का खाऊन लगेच ओरडायला लागते. क्लचवर पाय तेवढ्यापुरताच. बदलून झालं की पाय खाली, फळीवर. नवा माणूस पाय क्लचवर टेकवून ठेवतो, त्याला वाटतं नुसता टेकलाय. पण तेवढ्या भारानेही प्लेट घसटते, आणि भरल्या गाडीची प्लेट एका घाटात जळू शकते. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की माणूस तो विसरत नाही.

मग डबल क्लच. आताच्या गाड्यांना सिंक्रोमेश असतं, त्यामुळे डबल क्लच म्हणजे जुन्या लोकांची हौस, असं नवी मुलं समजतात. आमच्या गाडीलाही सिंक्रो होतं, पण त्याच्या रिंगा कधीच्या झिजलेल्या. दांडा सरळ ढकलला की खर्रर्र. तो आवाज ऐकला की नाना काही बोलायचे नाहीत. इंजिन बंद करून खाली उतरायचे, तंबाखू मळायचे आणि मग येऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

आत काय होतं ते समजलं तर हे अवघड नाही. गिअरबॉक्समधली दातेरी चाकं एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. प्रत्येक गिअरचं चाक शाफ्टवर मोकळं फिरत असतं, आणि आपण दांड्याने जी स्लीव्ह सरकवतो ती त्यातल्या एका चाकाला शाफ्टशी जखडते. शाफ्ट रस्त्याच्या वेगाने फिरतो, कारण तो मागच्या चाकांना जोडलेला आहे. गिअरचं चाक इंजिनाच्या बाजूने फिरतं. दोघांचा वेग जुळला तर स्लीव्ह अलगद आत जाते, नाही जुळला तर दात वाजतात. धावत्या एस.टी.त चढणारा माणूस आधी तिच्याबरोबर चार पावलं पळतो आणि मग पाय टाकतो, तसं गिअरच्या चाकाला आधी पळवायचं. ते पळवायचं कसं? दांडा न्यूट्रलला आणून क्लच सोडायचा. क्लच सोडला की इंजिन गिअरबॉक्सला जोडलं जातं. आता रेस दिली की आतली चाकंही वेग घेतात. मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. वरचा गिअर टाकताना रेस द्यायची नाही, उलट क्लच सोडून जरा थांबायचं, म्हणजे चाकांचा वेग उतरतो. खाली येताना रेस, वर जाताना धीर.

हे लिहायला सोपं आहे. करताना अडचण होते ती मापाची. आमच्या बॉक्समध्ये तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर मोठं होतं, दीडपटीहून जास्त. इंजिन १२०० फेऱ्यांवर आलं असताना चौथा काढला, तर तिसऱ्यासाठी त्याला १९०० च्या वर न्यावं लागायचं. पण हा हिशेब सपाटीचा. चढावर आपण न्यूट्रलला असतो तेवढ्या वेळात गाडी वेग टाकत असते, आणि जुळवायच्या फेऱ्याही खाली येत असतात. १६०० ला जुळेल की १७०० ला, हे चढ किती उभा आणि माल किती यावर. म्हणून रिकाम्या मैदानात मला डबल क्लच छान जमायला लागला तेव्हा नाना खूश दिसले नाहीत. म्हणाले, "ही मोकळी गाडी हाय. मोकळी गाडी समद्यान्ला गोड बोलती."

मोकळी गाडी न्यूट्रलला केली की बराच वेळ त्याच वेगाने चालत राहते. विचार करायला, रेस द्यायला, चुकलं तर पुन्हा द्यायला सवड असते. दहा टन भरून चढावर तीच गाडी न्यूट्रलला केली की जणू मागून कुणी धरल्यासारखी थांबायला लागते. दुसऱ्या प्रयत्नाला जागाच नसते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढून जावा लागतो, येताना बोगदा आहे. पहिल्या खंडाळ्यातून पुढे निघालं, की समोर घाटाची भिंत दिसते. तिथे नाना वेग असताना, इंजिन छान ओढत असताना, चौथा काढून तिसरा टाकायचे. मला कळायचं नाही. गाडी चाललीय की चांगली! पण वळणावर आमच्या पुढचा ट्रक चौथ्यातच ओढत राहिलेला असायचा. त्याचा आवाज घोगरा व्हायचा, धूर काळा यायचा, तो तिसरा शोधायचा, तोवर गाडीचा वेग संपलेला. मग त्याला दुसराही पडायचा नाही. गाडी जागेवर उभी, क्लीनर दगड घेऊन मागच्या चाकाकडे धावतोय, मागे गाड्यांची रांग. तिथून भरली गाडी पहिल्यात उचलायची म्हणजे क्लचची परीक्षा. नाना तिसऱ्यातच, हळू पण एका सुरात, त्याच्या बाजूने वर निघायचे.

चढाचा गिअर चढ लागायच्या आधी टाकायचा, कारण चढावर तुम्हाला टाकता येईलच असं नाही. हा नियम मी पुढे शेकडो वेळा स्वतःला ऐकवला आहे. पण चढावर तो मोडला तर फार तर गाडी उभी राहते. उतारावर मोडला तर गाडी उभी राहत नाही, एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

साताऱ्याकडून मुंबईला भरून निघालं की खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडताच उतार आणि वाकडं वळण. मग पुण्याच्या अलीकडे कात्रजचा नवा बोगदा, तो संपला की दरी पूल, नऱ्हे आणि नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार. आणि शेवटी बोरघाट. या तिन्हींत दिसायला सर्वांत सोपा नवले पुलाचा उतार. रुंद रस्ता, तीव्र वळण नाही, घाटाची पाटी नाही, डोंगर मागे पडलेला. ड्रायव्हरला वाटतं, घाट संपला, आता पुणं आलं. तो दांडा न्यूट्रलला टाकतो आणि डिझेल वाचवतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका मालवाहू गाडीने एकामागून एक कितीतरी गाड्या चेचत नेल्या. चालकाने उतारावर गाडी न्यूट्रल केली होती, असं पोलिसांच्या हवाल्याने तेव्हा छापून आलं होतं. त्या जागेला आता लोक अपघातांसाठीच ओळखतात, रस्त्याच्या आखणीलाही दोष देतात, आणि तो दोष असेलही. पण माझ्या धंद्यातल्या माणसांशी बोलताना मी न्यूट्रलबद्दलच बोलतो, कारण रस्ता बदलणं आमच्या हातात नाही, दांडा आहे.

आणि डिझेल वाचतं हे तरी खरं आहे का? घाटात गाडी गिअरमध्ये असली आणि पाय रेसवरून काढलेला असला, तर इंजिनाला चाकं फिरवत असतात. फेऱ्या वर असल्या की पंप डिझेल देणंच बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहतं, म्हणजे त्याला डिझेल लागतंच. उभ्या उतारावर गिअरमधली गाडी न्यूट्रलमधल्या गाडीपेक्षा कमी पिते. मी हे कितीतरी ढाब्यांवर सांगितलं आहे. ऐकणारे मान हलवतात आणि म्हणतात, पण आवाज तर कमी होतो ना. आवाज कमी होतो, म्हणून वाटतं की खर्च कमी झाला. ज्या मालकांनी डिझेलचं माप ड्रायव्हरच्या पगाराशी बांधून ठेवलंय त्यांनी तरी हे एकदा समजून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

न्यूट्रलचं दुसरं नुकसान याहून वाईट. आमचे ब्रेक हवेचे. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. न्यूट्रलला इंजिन मंद, म्हणजे कॉम्प्रेसर मंद. इकडे गाडी सुटलेली, पाय सारखा ब्रेकवर. हवा खर्च होते जास्त आणि भरते कमी. त्यात ड्रम तापतात. तापलेल्या लायनरची पकड सुटते. पाय पूर्ण दाबलेला, हवा असली तरी चाक थांबत नाही. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे जे ब्रेक ताशी २० किलोमीटरला गाडी सहज धरतात ते ४० ला तेवढ्यावर भागवू शकत नाहीत. अशा वेळी माणसाला गिअर आठवतो. पण तोवर उशीर झालेला असतो, आणि तो का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आमची गाडी तिसऱ्यात ताशी ३० च्या आसपास इंजिनाच्या कमाल फेऱ्यांना टेकायची. गाडी ४५ ने पळत असेल तर तिसऱ्याचं चाक जुळवायला इंजिन त्याच्या कमालीच्या दीडपट फिरवावं लागेल. ते फिरणारच नाही. कितीही रेस द्या, कितीही डबल क्लच मारा, दात वाजतील आणि दांडा परत येईल. सुटलेल्या गाडीला खालचा गिअर पडत नाही, तो ड्रायव्हर अडाणी आहे म्हणून नव्हे, पडूच शकत नाही म्हणून.

म्हणून दुसऱ्या खंडाळ्याला, घाट सुरू व्हायच्या आधी, जवळजवळ सपाटीला, नाना गाडी पार हळू करायचे. मागचे हॉर्न मारायचे, नाना आरशात बघायचेही नाहीत. तिसरा टाकायचे, एक्झॉस्ट ब्रेकचं, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणाऱ्या ब्रेकचं, बटण तपासायचे, हवेचा काटा बघायचे आणि मला म्हणायचे, "धर." मी दांडा धरायचो. गाडी इंजिनाच्या जोरावर, ओरडत, पण बांधल्यासारखी उतरायला लागायची. फेऱ्या फार चढल्या की नाना ब्रेक एकदाच जोरात दाबून वेग चांगला खाली आणायचे आणि पाय पूर्ण काढून घ्यायचे. परत चढल्या की परत. ब्रेकवर पाय टेकवून सबंध घाट उतरायचा नाही, ड्रमला मधे मधे थंड व्हायला वेळ द्यायचा. जुन्या रस्त्याने उतरलो तर शिंग्रोबाच्या देवळापाशी नाना खिडकीतून नाणं टाकायचे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा हा धनगर आमच्या लोकांचा देव आहे. नाणं डाव्या हाताने काढून माझ्याकडे द्यायचे नाहीत, माझे हात दांड्यावर असायचे.

खोपोलीला उतरलं की रस्त्याच्या कडेला ट्रक उभे दिसायचे, चाकांतून धूर, जळक्या लायनरचा वास. कुणी बादलीने ड्रमवर पाणी मारत असायचा. नाना ओरडायचे त्याला, ओळख नसली तरी. लाल तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की तो तडकतो, आणि तडकलेला ड्रम पुढच्या घाटात दगा देतो. आमच्या चाकांना मी हात लावून बघायचो. गरम असायची, पण हात ठेवता यायचा.

लायसनची परीक्षा झाली ती सपाट मैदानावर आणि रिकाम्या गाडीवर. पुढे नेली, मागे घेतली, आठचा आकडा काढला. इतकं केलं की तुम्ही दहा टन साखर घेऊन बोरघाट उतरायला कायद्याने मोकळे. ज्वालाग्राही किंवा विषारी माल न्यायचा असेल तर चालकाला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि ते योग्यच आहे. पण भरलेली गाडी उतारावर हीसुद्धा धोकादायक मालाइतकीच गंभीर गोष्ट आहे, आणि ती शिकवली जाते फक्त कुणीतरी नाना भेटला तर. २०१८ साली केंद्र सरकारने मालगाड्यांची वजनमर्यादा वाढवली, १६.२ टनांच्या दोन अॅक्सलच्या गाडीला १८.५ टन झाले. घाट होते तेवढेच उभे राहिले. प्रत्येक नव्या चालकाला एखाद्या जाणत्या चालकाबरोबर, भरल्या गाडीत, चढ आणि उतार करून दाखवल्याशिवाय लायसन मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला खर्च येईल. नवले पुलावर येतो त्यापेक्षा कमीच येईल.

नानांनी गाडी सोडल्यावर मी बारा टायरीवर गेलो. तिथे पाच गिअरऐवजी नऊ, म्हणजे आठ आणि एक क्रॉलर. शिकलेला हात पुन्हा शिकवावा लागला. पहिले चार गिअर खालच्या पट्टीत. चौथा झाला की दांडा न्यूट्रलला आणून तळहाताने कडेला ठोसा द्यायचा, आत हवेने पट्टी बदलते, हलकासा फुस्स आवाज येतो, आणि मग पाचवा. तो फुस्स आवाज येण्याआधी घाई केली तर गिअर पडत नाही. पण गिअरमधलं अंतर लहान झालं होतं, त्यामुळे फेऱ्या जुळवणं सोपं. चढावर दोन पायऱ्या एकदम खाली यायची मुभा. घाटाचा नियम मात्र अक्षरशः तोच राहिला.

आता माझ्याकडे जी गाडी आहे तिला क्लचचं पेडलच नाही. गिअर गाडी स्वतः बदलते, आणि खरं सांगायचं तर चढावर ती माझ्यापेक्षा चांगली बदलते. केबिनला एसी आहे. नव्याने बनणाऱ्या ट्रकांना तो आता सक्तीचाच झाला आहे, आणि इंजिनाच्या झाकणावर भाजून घेतलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पायाच्या शिरा आणि गुडघे क्लचने खाल्लेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, त्यांत नाना होते. नव्या मुलांच्या पायांवर ही वेळ येऊ नये.

फक्त एक गोष्ट आमची गाडी करत नाही. पुढे घाट आहे हे तिला माहीत नसतं. ती आत्ताचा वेग, आत्ताचा भार बघते आणि त्यावर गिअर ठरवते. सपाटीवर वेग असला की वरचा गिअर धरून ती थेट उताराच्या तोंडाशी जाते. म्हणून खंडाळ्याला मी अजूनही गाडी हळू करतो, बटण मॅन्युअलला घेतो आणि खालचा गिअर हाताने लावून ठेवतो. मागचे अजूनही हॉर्न मारतात.

सध्या माझ्याबरोबर बीडकडचा एक मुलगा आहे, हुशार आहे, मोबाइलवर गिअरबॉक्सचे व्हिडिओ बघतो. लोणावळा मागे पडला की मी त्याला विचारतो, माल किती, कितव्यात उतरायचं, हवा किती. त्याने उत्तर दिल्याशिवाय स्टेअरिंग त्याच्या हातात जात नाही. परवा त्याने उत्तरं दिली आणि उलट मलाच विचारलं, "दादा, पाऊस असला आणि गाडी मोकळी असली तर? एक्झॉस्ट ब्रेक तेवढाच लावायचा?" प्रश्न बरोबर होता. मोकळ्या गाडीची मागची चाकं हलकी असतात, ओल्या रस्त्यावर खालच्या गिअरात इंजिनाने एकदम ओढून धरलं तर ती घसरू शकतात. अशा वेळी गिअर खालचाच ठेवायचा, पण आत शिरतानाच वेग इतका कमी ठेवायचा की इंजिनाला झटका द्यावा लागू नये. हे त्याला तोंडी सांगितलं. जूनमध्ये, पहिल्या पावसात, बंदरातून मोकळं परतताना खंबाटकी चढून पलीकडे वेळ्याच्या बाजूला उतरताना दाखवायचं ठरलं आहे.